विचारलं तेवढंच

त्या सोमवारी साहेब कल्याणच्या दिवाणी कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्यांची उलटतपासणी बापटने घेतली. म्हात्रेने फेरतपासणी घेतली नाही. पुढच्या रविवारी वखारीत वर्ग भरला नाही, आणि नंतर कधीच भरला नाही.

बापट, म्हात्रे आणि मी, तिघेही साहेबांच्या हाताखालचे. साहेब कल्याणचे वकील. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना ते लागणार नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना नुसत्या नावावरून काही कळणार नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला आम्ही तिघे मुंबईहून कायद्याची परीक्षा पास होऊन आलो. कलमं पाठ होती. पण कोर्टात उभं राहून समोरच्या माणसाला एक प्रश्न कसा विचारायचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकवायचं असतं असं कुणाला वाटतही नव्हतं. सीनियरच्या मागे बसायचं आणि वर्षानुवर्षं बघायचं, एवढीच तेव्हा रीत होती. साहेबांना ती मान्य नव्हती. "नुसतं बघून पोहता येत असतं तर खाडीकाठचं कुणी बुडालं नसतं," असं ते म्हणत.

म्हणून दर रविवारी सकाळी वर्ग. साहेब ज्या दोन खोल्यांत राहत त्यांच्या खाली लाकडाची वखार होती. मुरबाडच्या बाजूने गाड्या भरून जळाऊ लाकूड यायचं, थोडं सागवानही असायचं. रविवारी वखार बंद. भुशाचा वास, पत्र्याच्या फटींतून आलेलं ऊन, आणि सागाच्या फळ्यांच्या थप्पीवर पंचा अंथरून बसलेले साहेब. तिथे ते न्यायाधीश होत. बापट आणि म्हात्रे दोन बाजूंचे वकील. मी कायमचा साक्षीदार.

हे काम माझ्याकडे आलं कारण मला चारचौघांत बोलता येत नसे. पहिल्या रविवारी मला उभं केलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही साक्षीदार व्हा. प्रश्न विचारायला शिकायचा सगळ्यात चांगला रस्ता उत्तरं देण्याचा आहे." वखारीत ते आम्हाला 'अहो' म्हणत, वखारीबाहेर 'अरे'. उंबरा ओलांडला की आम्ही पुन्हा पोरं व्हायचो.

साक्षीदाराचा पिंजरा म्हणजे वखारीतला मोठा काटा. आढ्याला टांगलेली दांडी, तिच्या दोन टोकांना साखळ्यांनी लोंबणारी दोन पारडी, प्रत्येक पारडं दारासारख्या फळीचं. एका पारड्यात माझ्या वजनाची लाकडं टाकायची, दुसऱ्यात मी उभा. थोडा जरी पाय हलला तरी साखळी कुरकुरे. "चेहऱ्याकडे बघू नका," साहेब त्या दोघांना सांगत, "चेहरा माणूस घरून करून आणतो. पाय मात्र बरोबर येतात तसेच येतात. साखळी ऐका."

वखारीचे कच्छी शेठ कधी कधी हिशेबाला म्हणून येऊन बसत आणि हे सगळं बघत. एकदा मला पारड्यात बघून म्हणाले, "साहेब, हा माल फार हलका हाय. जरा वजनदार साक्षीदार आना."

"वजन उत्तराला पाहिजे, शेठजी," साहेब म्हणाले. "माणसाला नाही."

शेठना वर्गाचा एक फायदाही होता. साहेबांचा नियम असा, की एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. ज्याच्या प्रश्नात दोन गोष्टी येतील त्याने या थप्पीतलं एक लाकूड उचलून त्या थप्पीवर नेऊन ठेवायचं. 'तुम्ही सकाळी उठून बाजारात गेलात का' असं विचारलं की लाकूड. उठलात का, हा एक प्रश्न. बाजारात गेलात का, हा दुसरा. सुरुवातीच्या दिवसांत दुपारपर्यंत अर्धी थप्पी इकडची तिकडे होई. शेठ येऊन पाहत आणि समाधानाने म्हणत, "साहेब, उद्या सकाळी गाडी येनार. त्या कोपऱ्यात जागा करायची हाय. आज पोरांना जरा जास्ती चुकू द्या ना."

बापट लवकर सुधारला. तो हुशार होताच, शिवाय त्याला ओझी उचलण्याचा कंटाळा होता. म्हात्रे आगरी, ठाकुर्लीजवळच्या गावातला, त्या गावातून वकील झालेला पहिला मुलगा. लहानपणी मिठाच्या पाट्या वाहिलेला, त्यामुळे लाकडाचं त्याला काहीच वाटत नसे. तो खुशाल दोन गोष्टी एकत्र विचारी, लाकूड ठेवून येई आणि पुढचा प्रश्न विचारी. "म्हात्रे," साहेब म्हणत, "तुम्हाला शिक्षा शोधायला मला जंगलखात्याकडे जावं लागणार."

साहेब हातात टाक घेऊन बसत आणि आमची खोटी साक्ष खरोखर लिहून काढत. त्या काळी न्यायाधीश साक्ष स्वतःच्या हाताने लिहीत. साहेबांचं म्हणणं, वकिलाने साक्षीदाराकडे एक डोळा आणि टाकाकडे दुसरा ठेवला पाहिजे. टाक थांबेपर्यंत पुढचा प्रश्न नाही. "जे लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही," हे ते इतक्या वेळा म्हणत की आम्हाला ते ऐकू येईनासं झालं होतं. कुणी घाई केली तर ते टाक पुसून ठेवत आणि डोळे मिटून घेत. "न्यायाधीश झोपले. आता अदब न सोडता उठवा." म्हात्रे खोकून बघे. बापटने एकदा हातातलं जाडजूड पुस्तक जमिनीवर सोडलं. साहेब डोळे न उघडता म्हणाले, "युक्ती मान्य. पण पुस्तक विरुद्ध बाजूचं पाडायचं असतं."

साक्षीदारासाठी नियम एकच होता. विचारलं तेवढंच. एकदा बापटने मला विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, आई, वडील, दोघी बहिणी, थोरलीचं लग्न ठरतंय.

टाक थांबला. "थोरलीचं लग्न कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"आता ते विचारतील, कुणाशी. मग कुठल्या गावी. मग वडिलांनी जमीन कधी विकली. दार तुम्ही उघडलंत. आता आत कोण कोण येतं ते बघत बसा."

हा नियम साहेब स्वतःच्या जगण्यातही पाळत आणि लोकांची पंचाईत होई. जिन्याच्या खालून कुणी हाक मारली, "साहेब, घरात आहात का?" तर वरून उत्तर येई, "आहे." एवढंच. वर या, असं नाही. नवखा माणूस बराच वेळ खाली उभा राही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "जिलबी वाढू का?" म्हणून विचारलं, साहेब "वाढा" म्हणाले, त्याने दोन टाकल्या, तर साहेब त्याला शांतपणे समजावू लागले की त्याने जिलबी विचारली होती, जिलब्या नव्हे. शेजारच्या बायका म्हणत, एकटे राहून राहून असं होतं. मला तसं वाटत नाही. त्यांची बायको असतानाही ते असेच होते, असं शेठ सांगत. ती त्यांना एकेक गोष्ट वेगवेगळी विचारायला शिकली होती म्हणे.

दुसरी सवय हात धुण्याची. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी साहेब हात धूत. कोर्टात धूत, घरी धूत, वखारीतही धूत. वर्ग संपला की आमची ती खोटी साक्ष वाचून दाखवत, मग कोपऱ्यातल्या पिंपापाशी जात, बापट तांब्याने पाणी ओती, ते मनगटापर्यंत हात धूत, पंचाला पुसत आणि येऊन कागदाखाली सही करत. तो कागद नंतर शेठच्या बंबात जायचा, तरीही. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला की त्यालाही थांबावं लागे. तो बिचारा वैतागून म्हणे, "साहेब, सहीच करायचीय, जेवायला नाही बसायचंय."

"जेवलेलं उद्यापर्यंत जिरतं," साहेब आतून सांगत. "सही राहते."

आम्ही त्यावर हसत असू. बापट तर साहेबांची नक्कल फार सुंदर करी, बोटांच्या पेरांपर्यंत.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

एक, साक्षीदाराला पढवायचं नाही. साक्षीच्या आधी त्याला घरी बोलवायचं नाही आणि साक्ष झाल्यावर 'तुम्हाला अजून काही आठवतंय का' म्हणून त्याच्या मागे लागायचं नाही. साहेब म्हणत, "साक्षीदाराला घरी जाऊन जे आठवतं, ते वकिलाला आठवलेलं असतं."

दुसरी, फेरतपासणी. आपल्या साक्षीदाराची विरुद्ध वकिलाने उलटतपासणी घेतली, की उरलेला खुलासा करून घ्यायला आपल्याला पुन्हा उठता येतं. साहेबांना ते मुळीच आवडत नसे. "तुम्ही उठलात की न्यायाधीशाला कळतं, लागलं कुठे ते. लागलं असेल तरी बसून राहा. चेहरा असा ठेवा की काही झालंच नाही." वखारीत फेरतपासणीला जो उठेल त्याला दाराशी पडलेला सागाचा ओंडका हलवावा लागे. तो ओंडका म्हात्रेलाही हलवत नसे. दोनदा प्रयत्न करून त्याने नाद सोडला. पुढे पुढे तर फेरतपासणीची वेळ आली की तो ओंडक्याकडे एकदा बघे, हसे आणि बसून राही. साहेब खूश होत. "शहाणा झाला," म्हणत.

ठाकुर्लीकडे जोमा नावाचा एक म्हातारा होता. मिठागरात राबून त्याने भाताची जमीन घेतली होती, स्वतःच्या कष्टाची. त्याला मूल नव्हतं. नवऱ्याने टाकलेली भाची, हिराबाई, त्याच्या घरी होती. तीच शेत बघे आणि तीच त्याची दम्याची आजारपणं काढी. पुतणे होते, ते जमिनीवर डोळा ठेवून होते. म्हाताऱ्याने साहेबांना बोलावून घेतलं आणि मृत्युपत्र करून घर आणि शेत हिराबाईच्या नावावर केलं. साक्षीदार दोघे, गावच्या शाळेचे मास्तर आणि साहेब. हिराबाईला साहेबांनी बाहेर पाठवलं होतं, जिला मिळायचं आहे तिने तिथे असू नये म्हणून. थोड्या दिवसांनी जोमा वारला. त्यामागून मास्तरही वारले. पुतण्यांनी दावा लावला की मृत्युपत्र खरं नाही.

हिराबाई म्हात्रेकडे गेली, गावातला म्हणून. पुतणे बापटकडे आले, हुशार म्हणून. बापट साहेबांना विचारायला वर त्यांच्या खोलीत आला. मी तिथेच होतो.

"साहेब, तुमची साक्ष होणार. मी वकीलपत्र घेऊ का?"

"पक्षकार आला आहे ना तुझ्याकडे?"

"आलाय."

"मग मला काय विचारतोस?"

बापट घुटमळला. "तुमची उलटतपासणी मला करावी लागेल."

"नीट कर म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

म्हात्रेला त्यांनी बजावलं, की साक्ष होईपर्यंत या दाव्यातलं एक अक्षर त्यांच्याशी बोलायचं नाही. म्हात्रे म्हणाला, "पण साहेब, त्या दिवशी घरात काय काय झालं तेवढं तरी सांगून ठेवा."

"ते पिंजऱ्यात विचार."

त्या महिन्यांत वर्ग चालूच होता. आम्ही तिघे रविवारी त्याच भुशात उभे राहून या दाव्याशिवाय बाकी सगळ्या गोष्टींवर बोलत होतो. साहेब त्या दोघांना सारखंच शिकवत होते. आज ते आठवलं की त्या रविवारांवरून नजर काढवत नाही.

साक्षीच्या दिवशी मी म्हात्रेच्या मागच्या बाकावर बसलो होतो. साहेब पिंजऱ्यात गेले. म्हात्रेची सरतपासणी चांगली झाली. प्रश्न लहान होते. मृत्युपत्र तुम्ही लिहिलंत का. जोमाला वाचून दाखवलंत का. त्याला समजलं का. त्यावर अंगठा कुणाचा. ही सही कुणाची. सही केलीत तेव्हा जोमा समोर होता का. सगळ्याला नेमकी उत्तरं. मी सवयीने साहेबांच्या पायांकडे बघत होतो. पाय जागचे हलले नाहीत.

बापट उठला. "साहेब," तो म्हणाला, आणि न्यायाधीशांनी मान वर केली. साहेब शब्द पिंजऱ्याकडे बघून आला होता. बापटचे कान लाल झाले.

"कागदावर सही करण्याआधी तुम्ही हात धुता?"

"धुतो."

टाक चालला, थांबला. बापट त्याच्याकडेच बघत होता.

"नेहमी?"

"नेहमी."

"त्या दिवशी धुतलेत?"

"धुतले."

"कुठे?"

"मागच्या दारी. रांजणापाशी."

"रांजणापासून माजघर आणि म्हाताऱ्याची खाट दिसते का?"

साहेब थोडे थांबले. "यात दोन प्रश्न आहेत," ते म्हणाले.

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. बापट हसला नाही. त्याने मान लववली आणि प्रश्न दोन केले.

"खाट कुठे होती?"

"माजघरात."

"रांजणापासून माजघर दिसतं?"

"नाही."

"तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा कागदावर अंगठा होता?"

"नव्हता."

"परत आलात तेव्हा?"

"होता."

"अंगठा करताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

टाक बराच वेळ चालला. बापट तो थांबेपर्यंत उभा राहिला, मग बसला. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि दोघांनीही ते होताना पाहिलेलं असावं लागतं. नाहीतर मग करणाऱ्याने साक्षीदाराला स्वतः कबूल केलेलं असावं लागतं, की हा अंगठा माझा. शब्दाने, किंवा नुसत्या खुणेने. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

म्हात्रे अर्धा उठला. मेजावर त्याने हात टेकले होते. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा, काही झालंच नाही असा. म्हात्रे बसला.

साहेब पिंजऱ्यातून उतरले. बापटच्या मेजाशी क्षणभर थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "तो एक सोडला तर बाकी प्रश्न नीट होते."

आम्ही टांग्याने परत निघालो, साहेब, म्हात्रे आणि मी. वखारीच्या वळणाशी साहेब म्हणाले, "म्हाताऱ्याने अंगठा दाखवला होता."

म्हात्रेला कळलं नाही. "कुणाला?"

"मला. मी हात पुसत आत आलो. मास्तर शाईची डबी बंद करत होते. म्हाताऱ्याला दम लागला होता, बोलता येत नव्हतं. त्याने कागदाकडे बोट केलं, मग काळा अंगठा वर धरून मला दाखवला. हसला. मी म्हटलं, बरं. आणि सही केली."

टांगा थांबला होता. कुणी उतरलं नाही.

"साहेब," म्हात्रे म्हणाला, "मग हे तिथे का नाही बोललात?"

"विचारलं कुठे कुणी?"

साहेबांनी बोलून झाल्यावर आपलंच वाक्य ऐकलं असावं. त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "तू उठायला लागलास ना, तेव्हा मी मनात म्हटलं, बस. आणि तू बसलास. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, पोरा. मग पायरी उतरताना अंगठा डोळ्यांपुढे आला."

दुसऱ्या दिवशी म्हात्रेने अर्ज दिला की साक्षीदाराला पुन्हा बोलवावं. बापटने हरकत घेतली. त्याला काही फार बोलावं लागलं नाही. तो म्हणाला, साक्षीदाराला घरी जाऊन जे आठवतं ते वकिलाला आठवलेलं असतं. न्यायाधीशांना ते वाक्य आवडलेलं दिसलं. अर्ज नामंजूर झाला. निकाल पुतण्यांच्या बाजूने लागला. वर ठाण्याला अपील झालं, पण कागदावर नव्हतं ते ठाण्याला कुठून येणार.

निकालानंतर हिराबाई वखारीत आली. साहेब थप्पीवर बसले होते, तसेच नुसते. ती खाली भुशात बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"साहेब, तुमी तं घरान होतात. मंग ह्या असा कसा झाला?"

"मी मागच्या दारी होतो, बाय. हात धूत होतो."

"मामा तुमालाच बोलवा बोललेला," ती म्हणाली. "कोर्टान एकदा बगलेला त्यानी तुमाला. बोलला, तो वकील हात धुवून सही करतो, त्यालाच आन."

साहेबांनी काही उत्तर दिलं नाही. तिने काही विचारलंही नव्हतं.

तिला घर सोडावं लागलं. ती आंबिवलीला नात्यातल्या एकीकडे राहायला गेली आणि कल्याणच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागली. साहेब रोज तिच्याकडून भाजी घेत. ती त्यांना तोलून देत नसे. हाताने उचलून पिशवीत टाकी, आणि साहेब किती टाकली ते बघत नसत.

रविवारी मी जात राहिलो. वर्ग नव्हता, मी नुसता जाऊन बसत असे. पारड्यात पुन्हा लाकडंच तोलली जात. साहेब मला 'अरे' म्हणत, 'अहो' पुन्हा कधी म्हणाले नाहीत. एका रविवारी शेठ मुद्दाम म्हणाले, "साहेब, उद्या गाडी येनार, कोपरा खाली करायचा हाय." साहेबांनी मान हलवली आणि स्वतःच उठून एकेक लाकूड उचलून ठेवू लागले. शेठनी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

एकदा मधल्याच वारी मी जाऊन बसलो असताना पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पिशवी खाली ठेवून तो सवयीने भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबांनी भुशाने माखलेल्या हाताने पेन्सिल घेतली आणि सही करून दिली. पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं. जाताना जिन्याशी मला म्हणाला, "बरं नाही का त्यांना?"

म्हात्रेने वकिली सोडली. भिवंडीकडच्या एका शाळेत तो मास्तर झाला. साहेबांना भेटायला तो येई, पण दोघांना बोलायला विषय नसे. बापट ठाण्याला गेला आणि मोठा झाला. एकदा कोर्टाच्या आवारात त्याने मला गाठलं. साहेब कसे आहेत, असं न विचारता म्हणाला, "मी एक तरी प्रश्न खोटा विचारला का, सांग."

"नाही."

"अंगठा दाखवल्याचं मला माहीत नव्हतं रे."

"असतं तर?"

त्याने बराच विचार केला. तेवढा त्याच्यात प्रामाणिकपणा होता. "असतं तर हेच प्रश्न विचारले असते," तो म्हणाला, "आणि इथेच थांबलो असतो. त्यांनीच शिकवलंय तसं."

साहेब गेले त्या दिवशी तो आला होता. स्मशानातून परतल्यावर सगळे वखारीत पिंपापाशी हातपाय धुवायला उभे राहिले. तांब्या बापटने घेतला आणि एकेकाच्या हातावर पाणी ओतत राहिला. सगळ्यांचं झाल्यावर म्हात्रेने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि त्याच्या हातावर ओतलं. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी कधी बोलल्याचं मला माहीत नाही.

शेठ देशी, कच्छला परत गेले. वखारीच्या जागी आता चाळ आहे. काटा कुणी नेला ते कळलं नाही. साहेबांना समजलं होतं ते सगळं त्यांनी आम्हाला दिलं, आणि त्यातलं बहुतेक बरोबर होतं. एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येतं, आणि तेच सोसत नाही.

मी अजून कल्याणच्या कोर्टात उभा राहतो. माझ्या साक्षीदाराची उलटतपासणी संपली की टाक थांबेपर्यंत थांबतो, उठतो आणि त्याला विचारतो, "तुम्हाला आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?" हा प्रश्न कायद्यात बसत नाही. विरुद्ध बाजूचा वकील हरकत घेतो, ती मान्य होते, आणि मी खाली बसतो.